दलालाविना घर विकताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरसारख्या गावात घराचा दलाल पाटी लावून बसलेला असेलच असं नाही. तो किराणा दुकानदार असतो, विमा एजंट असतो, तालुक्याच्या कचेरीबाहेर सकाळपासून दिसणारा कुणीतरी असतो, कधी नात्यातलाच एखादा असतो. घर विकायचंय एवढं तुमच्या तोंडून निघायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत ‘गिऱ्हाईक आहे’ असा निरोप येतो. व्यवहार जमला की दोन्ही बाजूंकडून टक्का-दोन टक्के घ्यायची रीत आहे. तीस लाखांच्या घराला दोन टक्क्यांनी साठ हजार होतात. अमेरिकेत ही दलाली वर्षानुवर्षं पाच-सहा टक्क्यांवर होती, म्हणून तिथे मालकाने स्वतः घर विकण्याचा वेगळा पंथच तयार झाला. आपल्याकडे टक्का कमी, पण साठ हजार म्हणजे काही चहापाण्याचे पैसे नव्हेत.

हा माणूस त्या बदल्यात करतो काय? गिऱ्हाईक आणतो आणि भाव तोडताना मध्ये बसतो. तुमचे कागद तो नीट करून देत नाही आणि मालकी हक्काची हमीही देत नाही. महारेराची एजंट नोंदणी मुख्यतः नव्या नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असते. गावातलं जुनं सुटं घर त्या चौकटीत येतच नाही. माझं मत असं, की लहान गावात गिऱ्हाईक मिळणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग कागदांचा, आणि तो दलाल ठेवला तरी तुमच्याच डोक्यावर राहतो. म्हणून ज्याला स्वतः घर विकायचंय त्याने गिऱ्हाईक शोधायच्या निदान सहा महिने आधी कागदाला हात घालावा.

सुरुवात घर कुणाच्या नावावर आहे इथून करायची. पुष्कळांना वाटतं, नगरपरिषदेची घरपट्टी आपल्या नावाने येते म्हणजे घर आपलं. घरपट्टी हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याचंही तसंच. मालकी पाहायची ती नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिकेवर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या प्रॉपर्टी कार्डावर. तसं भूमापन नसेल तर सातबाऱ्यावर. आणि त्याच्या मागे मूळ खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र असलं पाहिजे. खेड्यांतल्या गावठाणांची २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली. जिथे ती पुरी होऊन पत्रिका हातात आली, तिथल्या घरमालकाला पहिल्यांदाच दाखवण्याजोगा कागद मिळाला.

पत्रिका हाती आली की नावाखेरीज आणखी दोन गोष्टी वाचा. एक, ‘सत्ताप्रकार’ किंवा सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर सहसा मोकळीक; वर्ग २ असेल तर विक्रीआधी सरकारी परवानगी लागते. मलकापूर हे जुनं जहागिरीचं गाव. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि तिथले जहागीरदार असलेल्या प्रतिनिधींचा मुक्काम इथे आला. अशा मुलखात जुन्या नोंदींमध्ये इनाम-वतनाचे शब्द दिसले तर नवल नाही. देवस्थान इनाम असा शेरा असेल तर तिथेच थांबून वकिलाकडे जा. विक्रीची गोष्ट त्यानंतर. दुसरी गोष्ट ‘इतर हक्क’. तिथे विकास सोसायटीचा, पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा असतो. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायला कुणी गेलेलंच नसतं. संस्थेचा निल दाखला आणून तो उतरवून घ्यायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तो वेळ फार मोठा वाटतो.

शेतजमिनीवर बिनशेती न करता घर बांधलं असेल तर अडचण वेगळीच. कागदावर ती शेती, आणि महाराष्ट्रात शेती सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शिवाय तुकडेबंदी कायद्याचा प्रश्न आहेच. त्याचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून आपल्या जमिनीला आजचा नियम कोणता हे तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

आता या सगळ्यातलं सर्वांत जड काम: वारस. समजा, जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर आजोबांच्या नावावर आहे. आजोबा गेले, त्यांचा एक मुलगाही गेला, दुसरा मुंबईत स्थायिक, दोघी आत्या लग्न होऊन गेलेल्या. घरात राहतो त्या नातवाला वाटतं, घर आपलं. कायद्याने ते त्याच्या एकट्याचं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. आजोबांची स्वकष्टाची मिळकत असेल तर मुली पूर्वीपासूनच वारस होत्या. तेव्हा आत्यांना वगळून होणारं खरेदीखत म्हणजे पुढच्या दाव्याची नांदी. मालकाने स्वतः केलेल्या विक्रीत हीच चूक सर्वांत महाग पडते, कारण ‘आमच्या घरात तसं काही नाही’ असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं.

मार्ग दोन. सगळ्या वारसांची नावं नोंदवून सगळ्यांनी मिळून विकायचं आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात घ्यायचे. किंवा ज्यांना हिस्सा नकोय त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. पण बहिणीला साडीचोळी देऊन सही घेण्याची जुनी चाल मला पटत नाही. घर विकून तीस लाख येणार आहेत हे तिला आधी सांगावं, मग तिने ठरवावं.

मुंबईतल्या काकांना सहीसाठी यायला जमत नसेल तर त्यांनी ते राहतात तिथल्या दुय्यम निबंधकापुढे कुलमुखत्यारपत्र करावं. त्यात कोणतं घर विकायचंय आणि पैसे कुणाच्या खात्यात जायचे हे स्पष्ट लिहिलेलं असावं. लक्षात ठेवा, लिहून देणारा वारला की साधं कुलमुखत्यारपत्र तिथेच संपतं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकून टाकायची’ जी रीत होती, तिने मालकी जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं. हक्क फक्त नोंदणीकृत खरेदीखताने जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात शंभर रुपयांपुढच्या स्थावराला हीच अट आहे. नोटरीच्या कागदावर झालेली घराची विक्री त्या कायद्यापुढे टिकत नाही, मग गावात कितीही जणांनी तशी केलेली असो.

वारसांपैकी एकालाच आपला हिस्सा बाहेरच्याला विकायचा असेल तर बाकीच्या जवळच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. राहत्या घराचा अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला कुटुंबासोबत त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून समजूतदार गिऱ्हाईक अर्ध्या घराकडे बघतच नाही.

नावांचाही एक किरकोळ पण चिवट त्रास असतो. पत्रिकेवर ‘बापू’, आधारवर दुसरंच नाव, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोड देणारे जुने दाखले आधीच काढून ठेवा.

मग मोजणी. जुन्या गल्लीत घरांच्या भिंती सामाईक असतात, एकाच्या पागोळ्यांचं पाणी दुसऱ्याच्या बोळात पडतं, परड्यातून तिसऱ्याची वाट जाते. चाळीस वर्षं ते सलोख्याने चाललेलं असतं. घर विकायला निघालं की तेच शेजारी हद्दीवर बोट ठेवतात. त्यांनाही नवा मालक कसा असेल याची धास्ती असते. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मोजणी करून घ्या आणि नकाशाची ‘क’ प्रत ताब्यात ठेवा. रस्त्यालगतचं घर असेल तर रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात आपल्या जागेतला काही भाग संपादित झाला आहे का, आणि झाला असेल तर पत्रिकेवरचं क्षेत्र कमी झालंय का, तेही तपासा. नाहीतर नसलेली जागा विकल्यासारखं होईल.

भाव ठरवताना तीन आकडे समोर ठेवावेत. पहिला सरकारचा: दरवर्षीचा मूल्य दर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. तिथे जिल्हा आणि तालुका नीट निवडा. बुलढाण्यातही मलकापूर आहे आणि कऱ्हाडजवळही. (ऑनलाइन जाहिरात देणाऱ्यानेही ‘ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर’ लिहावं, नाहीतर विदर्भातून फोन येत राहतात.) दुसरा आकडा आसपासच्या खऱ्या विक्रींचा. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ काढता येते, तिच्यात क्षेत्र आणि मोबदला दोन्ही असतात. शेजारच्या गल्लीतलं घर ‘पन्नास लाखाला गेलं’ ही पारावरची बातमी आणि सूचीतला आकडा यांत बरंच अंतर निघतं. कधी बातमी फुगवलेली असते, तर कधी दस्तात रक्कम दाबलेली असते. तिसरा आकडा तुमचा स्वतःचा: जागेचे चौरस फूट गुणिले चालू दर, अधिक बांधकामाची आजची किंमत. जुन्या कौलारू घरात मोल बहुतेक जागेचंच असतं. आजोबांनी घातलेल्या सागवानी तुळयांचं कौतुक तुम्हाला असेल, पण घर पाडून स्लॅब टाकणाऱ्याला त्यांचा हिशेब वेगळा.

घेणारे कोण असतात याचा विचार केला की जाहिरात कुठे करायची ते आपोआप कळतं. पहिला मान लगतच्या शेजाऱ्याचा. त्याच्याइतकी किंमत दुसरा कुणी देणार नाही, कारण त्याची जागा एकसंध होते. मग मुलांच्या शाळेसाठी आसपासच्या खेड्यांतून तालुक्याच्या गावी येऊ पाहणारे, इथे बदली होऊन स्थिरावलेले शिक्षक-कर्मचारी, निवृत्तीनंतर मुंबईहून परतणारे. आंबा घाटाच्या बाजूला जागा शोधणारे कोल्हापूर-पुण्याचे लोकही असतात, पण त्यांना गल्लीतलं घर सहसा नको असतं. तेव्हा दारावर ‘घर विकणे आहे, मालकाशी थेट संपर्क’ ही पाटी, व्हॉट्सॲपवरचे गावाचे आणि मुंबईकरांचे गट, आणि कोल्हापूरच्या दैनिकात एक छोटी जाहिरात, एवढं बहुधा पुरतं. जाहिरातीत क्षेत्र, मिळकत पत्रिका असल्याचा उल्लेख आणि अपेक्षित किंमत द्या. किंमत न लिहिलेली जाहिरात बघ्यांना बोलावते.

घर दाखवायचं कधी? दलाल सांगेल, पाऊस संपल्यावर. या पट्ट्यात पाऊस असा लागतो की जुलैत प्रत्येक घर आपलं खरं रूप दाखवतं. तरी माझा सल्ला असा, की गळणारी जागा रंग मारून झाकू नका. दिसून न येणारा मोठा दोष माहीत असूनही विकणाऱ्याने सांगितला नाही तर कायदा त्याला जबाबदार धरतो. कौलं कधी चाळली, ओल कुठल्या भिंतीला येते, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं, हे सरळ सांगणाऱ्या मालकाशी माणूस भावात कमी घासाघीस करतो.

घासाघीस होणारच. ‘एकरकमी देतो बघा पाव्हणं, किती सोडताय?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीतच येतो. घरातल्या एकानेच बोलायचं, आणि शेवटचा आकडा आधी सगळ्या वारसांत ठरवून ठेवायचा. दलालाचा खरा उपयोग होतो तो इथे: तोंडावर नाही म्हणायचं काम तो करतो. ज्यांना ते जमत नाही, किंवा ज्यांचे सगळे वारस बाहेरगावी असून कुलूप उघडायलाही इथे कुणी नाही, त्यांनी दलाली देण्यात कमीपणा मानू नये.

भाव जमला की विसार. इथे पुष्कळ जण स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून मोकळे होतात. (शंभराचा स्टॅम्प आता विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना किमान पाचशेचा लागतो.) विसार पावतीपेक्षा नोंदणीकृत साठेखत बरं. त्यात पूर्ण किंमत, मिळालेली रक्कम, बाकी कधी व कशी द्यायची, खरेदीखताची मुदत, ती चुकली तर विसाराचं काय, आणि ताबा केव्हा, एवढं तरी असावं. ताबा साठेखतातच देऊ नका. दिलात तर त्याला खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बाकी रकमेसाठी तुमच्या हातातली चावी जाते.

पैसे रोखीत घेण्याचा मोह टाळा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. घर घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवील. तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हे, रीत आहे. घेणारा घरासाठी कर्ज काढत असेल तर बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा असे आणखी दोघे येतील. आधी केलेली कागदांची तयारी इथे कामाला येते.

विकणाऱ्याने जपायची जागा म्हणजे सहीचा क्षण. खरेदीखत नोंदलं गेलं की मालकी जाते, पैसे पुरे मिळाले असोत वा नसोत. सुरतच्या एका शेतजमिनीची गोष्ट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. किंमत ठरली एक कोटी चौऱ्याहत्तर लाखांहून जास्त, आणि विकणाऱ्यांचं म्हणणं की छत्तीस धनादेशांपैकी हाती आले फक्त चाळीस हजार. दहिबेन खटल्याच्या ९ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की किंमत बाकी राहिली एवढ्यावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही; फार तर पैशांसाठी दावा करता येतो. म्हणून पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन अंगठा देऊ नका. रक्कम खात्यात जमा झालेली बघा, नाहीतर डिमांड ड्राफ्ट हातात घेऊन तो बँकेकडून खरा असल्याची खात्री करा, आणि त्याचा क्रमांक दस्तात लिहून घ्या.

खरेदीखत वकिलाकडून किंवा जाणत्या दस्तलेखकाकडून लिहून घ्यावं; हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही. चतुःसीमा, क्षेत्र, सामाईक भिंत आणि वाटेचे हक्क मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहा. मुद्रांक शुल्क रीतीप्रमाणे घेणारा भरतो. ते ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. महानगरपालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीचे नियम सारखे नाहीत. घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, ती घेणाऱ्याला सांगा. भाव जमवताना ती कामी येते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. शुल्क ग्रास प्रणालीतून ऑनलाइन भरायचं, दस्ताची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरून वेळ घ्यायची, आणि ठरल्या दिवशी दुय्यम निबंधकांपुढे सगळे वारस, घेणारा आणि ओळख पटवणारे दोघे असे हजर राहायचं. फोटो, अंगठे, स्कॅनिंग. गर्दी नसेल तर तासाभराचं काम. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो, म्हणून ‘सही आज, नोंदणी पुढे बघू’ असं करू नये.

राहिला आयकर. घर दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, भारतात राहणाऱ्या व्यक्तीपुरता, महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा हिशेब करून पाहायची मुभा आहे. जो कर कमी येईल तो भरावा. आजोबांच्या काळच्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, म्हणून त्या तारखेचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून करून घ्या. आणि दस्तात रक्कम दाबण्याचा सल्ला कुणी दिला तर हे ऐका: पंचवीस लाख दाखवले आणि रेडी रेकनरने तीस होत असतील, तर कर तीस लाखांवरच मोजला जातो, सूट आहे ती दहा टक्क्यांच्या फरकापर्यंतच. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर माफ होतो. तोवर ती रक्कम विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. प्रत्येक वारसाचा हिशेब वेगळा होतो.

ताबा देताना विक्रीच्या तारखेपर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या द्या. वीज मीटर आणि नळजोडणी नव्या मालकाच्या नावावर करण्याचे अर्ज त्याच आठवड्यात द्यायला लावा. मीटर तुमच्या नावावर राहिला तर थकबाकीची नोटीसही तुमच्या नावाने येते. मिळकत पत्रिकेवर फेरफार झाला की नवा उतारा मागून घ्या आणि नोंदलेल्या खरेदीखताच्या व सूची क्रमांक २ च्या प्रती प्रत्येक वारसाकडे एकेक ठेवा.